परत आलेली मधाची बरणी

आलापल्ली, माघ वद्य पंचमी, सन १९५७

श्रीधर आज नागपूरहून आला आणि मधाची बरणी माझ्यापुढे ठेवली. झाकणसुद्धा उघडलेलं नाही.

"बाबा, हे आमच्या सायबाच्या घरी काऊन नेलं? ते का तुमचे रेंजर हायेत?"

त्याच्या कॉलेजात दोन वर्षांनी प्राध्यापकाला कायम करतात, नाहीतर घरी पाठवतात. शिकवणं बघायला वर्गात कोणी येत नाही म्हणे, छापलेले लेख बघतात. मला काय कळणार? मी जंगलखात्यातला जुना नाकेदार. आमच्यात साहेबाकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. गेलो, बरणी ठेवली, पोराकडे लक्ष असू द्या म्हणालो. एवढंच ना?

"माझे लेख पसंत होते त्यायले. कायम करायच्या समितीत तेच बोलणार होते. आता सायब म्हणते, तुझ्यासाठी तोंड उघडलं तर लोक म्हणतील, मध खाल्ला."

म्हणजे लेखांनी जमत आलं होतं. बरणीनं घालवलं. आता त्याच्या बाजूनं कोण बोलेल? मी परत जाऊ? नको, आणखी बिघडेल.

लहानपणी मधाशिवाय भाकरीला हात न लावणारा पोरगा आज कोरडीच खाऊन उठला. बरणी ताटाशेजारीच होती.