तीन लिआंग, एक चिएन

नागपूर, ३ मार्च २०२५

चि. राणीस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडतो, म्हणून बाबांसारखं कागदावर लिहून फोटो पाठवतोय. आईच्या हृदयाची झडप बदलावीच लागेल. शुक्रवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर तारीख पुढे जाईल, आणि पुढची तारीख तिला मिळेल का, याची खात्री डॉक्टर देत नाहीत. क्षितिजरावांची नोकरी गेलीय, तुमच्या खिशातलं मागत नाही. पण तुझ्या बाळंतपणाला तिकडे परदेशात आली तेव्हा आई पाटल्या तुझ्याकडे ठेवून आली होती, त्या वीक. पावती पाठव. भाचीला पापा.

तुझा दादा,
उज्ज्वल

वुडलँड्स, ५ मार्च

आद. दादास,
सविनय जयभीम, वि. वि.

विकल्या. बेडोकच्या मार्केटजवळ एक म्हातारे चिनी सोनार आहेत, शेजारणीने त्यांचं नाव सुचवलं. ते अजून चिनी वजनातच तोलतात. पाटल्या भरल्या तीन लिआंग, एक चिएन. दहा चिएनचा एक लिआंग होतो. काट्यावर ठेवताना माझाच हात सुटेना. पैसे पाठवलेत, चिठ्ठीचा फोटोही. तू मात्र वेळेवर जेव, आईच्या आधी तुलाच सलाईन लागेल.

लोभ आहेच, वाढव.
राणी

नागपूर, ५ मार्च, संध्याकाळ

राणी,

लिआंग म्हणजे पन्नास ग्रॅम, मी नेटवर पाहिलं. म्हणजे पाटल्या एकशे पंचावन्न ग्रॅमच्या. आजच्या भावाने पैसे आले एकशे सोळाचेच. एकोणचाळीस ग्रॅम कुठे गेले? तुमची अडचण मला कळते, पण आईच्या जिवातून भागवायची? हॉस्पिटलला नेमके तेवढेच कमी पडतायत. मी आईला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली.

उज्ज्वल

वुडलँड्स, ७ मार्च

दादा,

मी घेतले नाहीत. हे वाक्य तुला लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. काल पुन्हा दुकानात गेले. सोनार आजोबांना इंग्रजी येत नाही, मला चिनी येत नाही. त्यांनी तीनदा काटा दाखवला, मला तीनदा रडू फुटलं. त्यांनी फसवलं की माझंच लक्ष नव्हतं, काही कळत नाही. डोकं चालत नाही, रात्रभर झोप नाही. एकोणचाळीस ग्रॅमचे पैसे आत्ताच पाठवलेत. कुठून आणले ते विचारू नकोस. आज शुक्रवार आहे, आधी ते भर.

राणी

नागपूर, १० मार्च

चि. राणीस,
जयभीम लिहायला हात धजत नाही.

शनिवारी ऑपरेशन झालं. आई अजून शुद्धीवर नाही. डॉक्टर थांबा म्हणतात.

काल ट्रंकेत बाबांची पाटल्यांची पावती सापडली, दहा तोळ्यांची. आजच्या हिशेबाने शंभर ग्रॅम, म्हणून आणखीच गोंधळलो आणि इतवारीतल्या सराफाकडे गेलो. तो म्हणाला, पावती जुनी आहे, तेव्हाचा तोळा पावणेबारा ग्रॅमला जरा कमी. म्हणजे एकशे सोळाच्या वर थोडं. आणि पन्नासाचा लिआंग चीनमधला. तुमच्याकडचे सोनार साडेसदतीसला किंचित कमी धरतात. तीन लिआंग, एक चिएन म्हणजे एकशे सोळाच. फरक अर्ध्या ग्रॅमचा. तो म्हणाला, तेवढं तीस वर्षांत मनगटावर झिजतं.

राणी, तू तुझं लग्नातलं विकलंस ना? मी तुला चोर म्हटलं, आणि आईला ते पटवून ऑपरेशनला पाठवलं. आता तिच्या कानाशी बसून हाच हिशेब पुन्हा पुन्हा सांगतोय. ती ऐकत नाही. मी काय करू?

उज्ज्वल

वुडलँड्स, १० मार्च

आद. दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

हो, विकलं. राहू दे ते, तारीख तर गाठली.

शनिवारी सकाळी आत नेण्याआधी आईने नर्सच्या मोबाइलवरून मला फोन केला होता. म्हणाली, उज्ज्वलचं गणित शाळेपासून कच्चं, तू मनाला लावून घेऊ नकोस. तिने भिंतीकडे तोंड केलं, तेही तुझं बोलणं ऐकवेना म्हणून. हे मी तुला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. रागाने कळवलं नाही. दोन दिवस तुला जळू दिलं. त्याची मला लाज वाटते.

आता तिला हिशेब सांगू नकोस. शुद्धीवर आली की ती सवयीने आधी मनगट चाचपेल. ते तिला रिकामं लागू देऊ नकोस. तिथे तुझा हात ठेव.

तुझ्यावर रागासकट लोभ असलेली,
राणी