आहे तिथे समाधानी

४ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. माणसाची बढती होते तेव्हा आधीचे दिवस नोंदलेले असावेत.
सध्या तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये. खिडकी नाही. पंखा आहे, पण फायली उडतात म्हणून बंद. 'पंधराच दिवस बसा' असं हेडक्लार्क म्हणाले होते, त्याला सात महिने झाले. ते महिनाअखेर रिटायर होतायत. दुसऱ्या मजल्यावर खिडकीशेजारचं त्यांचं टेबल मलाच मिळणार. दुसरं आहे कोण?
नवे साहेब फक्त इंग्रजी बोलतात, आणि इंग्रजी नीट येणारा ऑफिसात मी एकटा. म्हणून दर शुक्रवारी, स्टाफमध्ये कुणाच्या मनात काय चाललंय याचा एक कागद मी त्यांना द्यायचा. विश्वासाचं काम.

८ मार्च, शुक्रवार
पहिला कागद दिला. चौदा माणसं. प्रत्येकाला विचारत कोण बसणार? पण साहेबांचं बोलणं बारकाईने ऐकलं आणि कळलं, विचारायची गरजच नाही. दुसऱ्याच्या मनातलं ते कधी ठामपणे सांगतच नाहीत. 'आय गॅदर' म्हणतात, म्हणजे आपल्या कानावर आलंय. 'ही सीम्स' म्हणतात, म्हणजे दिसतंय तरी तसं. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, विचारायचं नाव नाही. काय सोय आहे! दहा मिनिटांत चौदा मनं उरकली. ड्रायव्हर : सुट्टी नकोशी दिसते. शिपाई : खूष असावा.
माझ्या ओळीत 'मला वर यायचंय' लिहिणं म्हणजे अगदीच हावरटपणा. इंग्रजी बोलणारी माणसं असं तोंड वेंगाडून मागत नाहीत. लिहिलं : आहे तिथे समाधानी दिसतो. साहेब हुशार आहेत, बरोबर समजतील.

१३ मार्च
टायपिस्ट कागद टाइप करायला खाली येते. तिने विचारलं, काका, या सगळ्यांना तुम्ही विचारलंत का? हसलो. 'आय गॅदर' शिकवलं. वहीत लिहून घेतलं बिचारीने. इंग्रजीच्या नावाने शंख.

१५ मार्च, शुक्रवार
ड्रायव्हर तणतणत खाली आला. बहिणीच्या ऑपरेशनसाठी मागितलेली सुट्टी नामंजूर. मला सुट्टी नको असं तुम्हाला कुणी सांगितलं, म्हणाला. मी समजावलं की 'नको' असं लिहिलेलं नाही, 'नकोशी दिसते' असं आहे. त्यावर तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.
दुसऱ्या कागदात : ड्रायव्हर थोडा तापट वाटतो. मी : समाधानी.

२२ मार्च
साहेब जिन्यात भेटले. मी आणखी थोडे दिवस खाली थांबलो तर माझी काही हरकत असेल का, असं त्यांच्या मनात येत होतं म्हणे. नुसतं येत होतं! म्हणजे ठरलेलं काही नाही. मी 'नॉट ॲट ऑल' म्हणालो. इतका समजूतदार माणूस कोण तळघरात ठेवेल? खोकला वाढलाय.

२४ मार्च, रविवार
बायको म्हणाली, अहो, तोंड दिलंय ना देवाने? खोकून खोकून बरगड्या मोडतील. जाऊन सांगा की सरळ, वर बसवा म्हणून. बोलते, पण मनातून तिला माझा अभिमान असावा.
मेव्हण्याचा फोन आला, ताईला चार दिवस पाठवता का म्हणून. ती अंघोळीला गेली होती. मी म्हटलं, तिला यायचं दिसत नाही. काम झालं.

२५ मार्च
ही सकाळीच भावाकडे गेली. माझं कालचं वाक्य तिच्या कानावर गेलं म्हणे. कधी येणार ते सांगितलेलं नाही. चार दिवसांत येईल असं दिसतं.

२९ मार्च
हेडक्लार्कचा निरोप समारंभ. हार घालून होताच टायपिस्ट साहेबांसमोर उभी राहिली. बोट खिडकीकडे. म्हणाली, 'सर. आय वाँट. दॅट टेबल.' पाच शब्दांचं इंग्रजी! मला लाज वाटली. साहेब हसले आणि टेबल तिला देऊन टाकलं.
मी केबिनमध्ये गेलो. साहेबांना खरंच आश्चर्य वाटलं. तुम्ही खाली सुखात आहात असा माझा समज होता, म्हणाले. ड्रॉवरमधून चार कागद काढून पुढे ठेवले. चारही ठिकाणी समाधानी. खाली माझीच सही.
घरी आलो. कुलूप उघडलं आणि दार आपटलं. संतापाने.

५ एप्रिल, शुक्रवार
बस्स झालं. आज कागदावर सरळ लिहिलं : मला वर यायचं आहे. तीनदा फेअर केलं, तीन मजले चढून गेलो. टायपिस्ट खिडकीशी बसली होती, समोरचे कागद वाऱ्याने फडफडत होते. म्हणाली, काका, शुक्रवारचा कागद आता माझ्याकडे आलाय, सकाळीच साहेबांना दिला.
कॉपी पाहिली. ड्रायव्हरला सुट्टी हवी आहे. शिपायाची पाठ दुखते, त्याला खुर्ची हवी आहे. प्रत्येकाला विचारून लिहिलेलं. शेवटी माझी ओळ : आय गॅदर, खूष आहेत. शेजारी साहेबांची पेन्सिल : मग तिथेच राहू द्या.
मला का नाही विचारलंस, म्हटलं. तळघरात उतरायचा कंटाळा आला हो, म्हणाली, आणि तुमचं तर मला पाठच आहे.

संध्याकाळी ही परत आली. पिशवी ठेवली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, काय झालं? तुमच्या मनात काय आहे ते एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे.
'काही नाही' म्हणालो. खोकला आला म्हणून पुढचं राहिलं.