पेन्सिल उभी, पेन्सिल आडवी

गुरु. ३ एप्रिल
पाहुण्या कंडक्टरबाईंची मेल आली. रविवारी येणार, बुधवारी कार्यक्रम, गुरुवारी परत. तिन्ही रचनांचे कागद कोरे हवेत, आधीच्या कोणाच्याही पेन्सिलीच्या खुणा नकोत. विद्यापीठाच्या बँडचे एकूण बेचाळीस फोल्डर, सांभाळायचं काम माझं. (दोनदा मोजले.)

आमचे कंडक्टर डिमेलो सर, त्यांना वाचून दाखवली. हसले. "पाहुण्यांना घर झाडून द्यावं लागतं, नित्या. पूस सगळं."
म्हटलं, सर, तुम्हीच सांगता ना, दुसऱ्याची खूण विचारल्याशिवाय पुसायची नाही.
"माझीच आहे ना? विचारलंस ना? पूस."

मग दारात थांबले. म्हणाले, डीनने पाहुणीला आपल्या बँडबद्दल लिहून द्यायला सांगितलंय. सरांचा करार जूनमध्ये संपतो. एकोणीस वर्षं दर वेळी आपोआप वाढत होता. या वेळी डीन बघून ठरवणार.
"खोडरबर चांगलं आण," एवढं बोलून गेले.

माझ्या इकाम्याचा, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचा, अर्ज दर वर्षी सरांच्या सहीने जातो. ते आज लिहायचं नाही, असं ठरवलं होतं.

शनि. ५ एप्रिल
सुट्टी, तरी बँडची खोली उघडून बसलो. सव्वीस फोल्डर झाले. खोडरबराचा भुगा फुंकून फुंकून तोंड कोरडं पडलं.

बाबांच्या बँडमध्ये कागद नव्हतेच. चिपळूणच्या लग्नांत सगळं कानावर चालायचं. नववीत शाळा सुटली तेव्हा मी क्लॅरनेट वाजवत होतो, पण नोटेशन म्हणजे मुंग्या. ते सरांनी याच खोलीत शिकवलं, चार महिने, रोज दुपारी. तेव्हापासून कागदावर बारकाईने बघायची सवय.

म्हणून दिसलं. ईशाच्या पिकोलोच्या (सगळ्यांत उंच आवाजाची छोटी बासरी) कागदावर सरांच्या अक्षरात 'आणखी जोरात' सात ठिकाणी. हीच रचना चार वर्षांपूर्वी बसवली होती, तो जुना कागद काढून पाहिला. एकच. घंटीवाल्याच्या कागदावरही तसंच, आधी काही नाही, आता पाच.

मला माहीत होतं. मोजलं नव्हतं इतकंच.

इथे आजवर लिहिलं नाही ते लिहितो. तालमीला मी बाजूच्या दाराजवळ खुर्चीवर बसतो. पिकोलो बेसूर झाली की मी पेन्सिल गुडघ्यावर उभी धरतो. सर नजर टाकतात, बँड थांबवतात, ईशाला सांगतात. सुरात आली की पेन्सिल आडवी. तीन वर्षं झाली. कसं सुरू झालं ते आठवत नाही. सर यावर एक शब्द बोललेले नाहीत, मीही नाही.

सातही पुसले. रोजनिशी पेन्सिलनेच लिहितो, हेही पुसता येईल.

रवि. ६ एप्रिल
मार्था मॅडम आल्या. साठीच्या असतील, पांढरे आखूड केस, पायात धावायचे बूट. बेचाळीसही फोल्डर उघडून पाहिले आणि म्हणाल्या, इतके स्वच्छ कागद मला कुठल्याच विद्यापीठात मिळाले नाहीत. मी खूश झालो आणि लगेच वाटलं, एखादी खूण राहिली असेल. पुन्हा तपासले. नव्हती.

पहिला अर्धा तास सरांनी घेतला. मॅडम मागे बसल्या. पेन्सिल दोनदा उभी करावी लागली. दुसऱ्यांदा मान वळवली तर मॅडम बँडकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

सोम. ७ एप्रिल
तालीम मॅडमची. दहाव्या मिनिटाला थांबवलं. "पिकोलो, फार मोठं. निम्मं कर."
ईशा लाल झाली. म्हणाली, सर तर नेहमी आणखी जोरात सांगतात.
मॅडम फक्त "बरं" म्हणाल्या. सर भिंतीशी उभे होते, हाताची घडी. मी बुटांकडे बघत राहिलो.

नंतर ईशाला मराठीत विचारलं, वाईट वाटलं का गं? तिचे बाबा बँकेत आहेत, घर साल्मियात, घरी मराठीच. पण ती उत्तर देते इंग्रजीत. म्हणाली, नितीनदादा, तीन वर्षं मी बेंबीच्या देठापासून फुंकतेय, माझी आईसुद्धा म्हणते तू कार्यक्रमात शिट्टीसारखी ऐकू येतेस. सरांना कळत नाही का?
मी म्हटलं, सरांना तसं आवडतं.
खोटं बोललो.

मंगळ. ८ एप्रिल
मॅडमनी चहाला बोलावलं. मला वाटलं कागदांबद्दल. आधी स्वतःचंच सांगत होत्या. वीस वर्षं एका विद्यापीठात बँड सांभाळला, मग तिथे तरुण माणूस आला. तेव्हापासून पाहुण्या. चार दिवस इथे, चार दिवस तिथे. "सगळीकडे फुलं मिळतात. दुसऱ्या वर्षीची मुलं कशी वाजवतात, ते मात्र मला कधी कळत नाही."

मग एकदम विचारलं, "पेन्सिल कोणाची कल्पना?"
मी कप खाली ठेवला.
"त्यांनी कान कधी तपासून घेतले?"
माहीत नाही, म्हटलं. सर पंधराव्या वर्षी नौदलाच्या बँडमध्ये गेले, झांजांच्या पुढे उभे असायचे, एवढं माहीत आहे.
त्या म्हणाल्या, "मी बँडबद्दल लिहीन. चांगला आहे, तसंच लिहीन. कानाबद्दल लिहिणार नाही, ते माझं काम नाही. पण पुढच्या मंगळवारी डीन स्वतः तालमीला बसणार आहे, आणि तो तरुणपणी बासरी वाजवायचा."
उठता उठता म्हणाल्या, "तीन वर्षं तू त्यांचं कानाचं यंत्र झालास. म्हणून त्यांनी घेतलं नाही."

मी चांगलं करत होतो. म्हणजे मला तसं

बुध. ९ एप्रिल
कार्यक्रम उत्तम. पिकोलो कशी वाजते ते आज मी पहिल्यांदा ऐकलं. सर टाळ्या वाजवत होते, सगळ्यांपेक्षा जोरात. मॅडमना पुष्पगुच्छ. सर मला म्हणाले, "पाहुणे जेवून जातात, भांडी आपण घासायची. खुर्च्या आवर."

शुक्र. ११ एप्रिल
धूळ. खिडकीच्या फटींना ओला टॉवेल. खोलीतले दोघे जहराला नातेवाइकांकडे गेले, मी एकटा. दोनदा भाताला पाणी मोजलं तरी भात लागला.

बाबांना फोन. आडून विचारलं, बँडमध्ये म्हाताऱ्या कॉर्नेटवाल्याला सूर लागेनासा झाला तर तुम्ही काय करायचात?
"शेजारी चांगला वाजवणारा उभा करायचो."
आणि त्याला सांगायचात?
"सांगायचं काय त्यात? त्याला कळायचंच की." मग, "एकदा नाही सांगितलं. वरातीत सगळ्यांसमोर पोरं हसली त्याला. दुसऱ्या दिवशी आलाच नाही. का रे?"
काही नाही, म्हटलं.

मंगळवारी पेन्सिल धरली तर डीनला दिसेल. नाही धरली तर सरांना कळणार नाही आणि डीनला ऐकू येईल. काल रात्रीपासून हेच.

शनि. १२ एप्रिल
सूझाफोन, तो अंगाभोवती घालायचा मोठा भोंगा, शुवैखला रेडिएटरवाल्या उस्तादकडे होता. पोचा काढून झाला म्हणून आणायला गेलो. गाडी सरांची. येताना भोंगा मागच्या सीटवर, आणि आम्ही दोघं पुढे, सिग्नलला अडकलेले.

सांगितलं. सगळं. सात आणि एक, चहा, डीनची बासरी. एकदा सांगून झाल्यावर पुन्हा सांगितलं.

सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न.
"मी बहिरा आहे म्हणतोस?"
नाही सर. फक्त वरचे सूर.
"फक्त वरचे." मग कोंकणीत काहीतरी, मला कळू नये असं. मग, "तीन वर्षं तुला ठाऊक होतं, आणि तू खुर्चीवर बसून काडी दाखवत होतास? माकडाला दाखवतात तशी?"
सर, तुम्हीसुद्धा बघत होतात, असं माझ्या तोंडून गेलं.

फरवानियाच्या वळणावर उतर म्हणाले. उतरलो. भोंगा त्यांच्याकडेच राहिला. काचेला नाक लावून बसलेल्या माणसासारखा दिसत होता, जाईपर्यंत.

रवि. १३ एप्रिल
सर तालमीला आले, काम केलं, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी पेन्सिल खिशातच ठेवली. पिकोलो चार वेळा सुराच्या वर चढली. चारही वेळा बँड पुढे गेला. चौथ्या वेळी ईशाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

माझी खुर्ची हलवावी का, विचारायला गेलो. "तुझी खुर्ची, तू ठरव."
हलवली नाही. दोन बोटं सरकवली, परत जागेवर आणली.

सोम. १४ एप्रिल
सर रजेवर. कुठे गेले कोणाला माहीत नाही. फोन बंद. उद्याचे बेचाळीस फोल्डर लावले, तपासले, पुन्हा लावले.

मंगळ. १५ एप्रिल
डीन तिसऱ्या रांगेत, मांडीवर वही.

सर वेळेवर आले. माझ्या खुर्चीपाशी थांबले आणि हात पुढे केला. आधी कळलं नाही. मग पेन्सिल दिली. त्यांनी ती उजव्या कानावर खोचली आणि बँडसमोर जाऊन उभे राहिले. हात कुठे ठेवू ते मला कळेना.

दुसऱ्या पानावर ईशा आली. चढलेली, खूपच, डीनला घाबरली होती. माझी मूठ गुडघ्यावर गेली, रिकामी. सरांनी इकडे पाहिलं नाही. हात खाली घेतले. बँड कसाबसा थांबला, सूझाफोन सगळ्यांत शेवटी.

"ईशा," सर म्हणाले, "वरचे सूर मला नीट ऐकू येत नाहीत. काल तपासून आलो. म्हणून तुला विचारतो. बरोबर होतं?"

ईशाने माझ्याकडे पाहिलं. मी स्टँडकडे.
"चढली होती, सर." मराठीत म्हणाली.
"किती?"
"थोडी. म्हणजे… बरीच."
मागे कोणीतरी फस्सकन हसलं. सरही हसले. "मग उतरव. पुन्हा."

तिसऱ्या खेपेला बरोबर आली. सरांनी तिलाच विचारलं, मला नाही.

डीनने वहीत काहीतरी लिहिलं, दीड ओळ असेल. जाताना सरांशी हात मिळवला. कराराची मेल आलेली नाही. आतापर्यंत सहा वेळा पाहिली.

पेन्सिल अजून सरांकडेच आहे. हे पेनने लिहिलंय.