गाडीचे हादरे आणि तात्यांची पाठ

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आली! लाल नाही मिळाली, हिरवट खाकी मिळाली. चालेल. धूळ कमी दिसेल.

चार महिने वाट पाहिली. शोरूममधून बाहेर काढली तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती उंची. रिक्षांची टपं वरून दिसतात! सिंहगड रोडवर एका टेम्पोवाल्याने चक्क बाजू दिली. माझ्या एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

दुसरी गोष्ट धायरी फाट्याच्या पुढे, पहिल्या गतिरोधकावर जाणवली. शोरूममधली पायल म्हणाली होती, "मॅडम, फोर बाय फोर आहे, खड्डे कळणारच नाहीत." कळतात. खड्ड्याची खोलीसुद्धा कळते. टेस्ट ड्राइव्ह दहा मिनिटांची होती आणि तीही नव्या गुळगुळीत डांबरावर — हे आता लिहिताना लक्षात येतंय.

तात्या गेटपाशी उभेच होते. पस्तीस वर्षं या शहरात बस चालवलेला माझा बाप! गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मला म्हणाले, "खाली वाकून बघ, मागचा अ‍ॅक्सल सलग आहे का, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर." बघितलं. आहे. "मग उडणार," म्हणाले. पण खुशीत होते. बॉनेटवरून हात फिरवत होते.

आईला चढायला प्लास्टिकचं स्टूल लागलं. मागे जायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. "गाडी आहे का माळा?" — आई.

९ नोव्हेंबर, रविवार

सगळे मिळून हडपसरला, सौरभकडे. कात्रज, कोंढवा मार्गे. आई मागे, तात्या माझ्या शेजारी. आईने वरची दांडी धरली ती सौरभच्या पार्किंगमध्येच सोडली. तात्या सगळा रस्ता गप्प. मला वाटलं, माझं ड्रायव्हिंग तपासतायत.

सौरभ खाली आला, गाडी बघितली, म्हणाला, "ताई, लुक एकदम भारी. पण राइड क्वालिटी? एवढ्या पैशांत मस्त सेडान आली असती." धाकटा भाऊ असल्यामुळे त्याला सगळं माहीत असतं. शिवाय त्याच्याकडे सेडान आहे.

घरी आल्यावर तात्यांनी उतरताना कंबरेवर हात ठेवला. आईने लगेच पकडलं. "पाठ धरली ना? त्या गाडीने!" तात्या म्हणाले, "हं. गाडीनेच असेल."

१० नोव्हेंबर, सोमवार

फाट्यापासून घरापर्यंत अकरा गतिरोधक आहेत. इतकी वर्षं राहतेय, आज मोजले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

एक वेगळी वही केली. मी स्थापत्यवाली, कालवे आणि बंधारे बघणारी. गाडीतलं मला काही कळत नाही, पण मोजता येतं. रस्ता कुठला, वेग किती, हादरा किती. ऑफिसला जाताना फोन मांडीवर ठेवून रेकॉर्डिंगसुद्धा केलं. नंतर ऐकलं तर त्यात फक्त माझं "अगं आई गं!" आहे.

गंमत अशी — मोठ्या खड्ड्यात गाडी फारसं काही करत नाही. आत उतरते, बाहेर येते. पण उड्डाणपुलावरच्या त्या बारीक सांध्यांवर चाळीसच्या वेगात धप्, धप्, धप्! बोटाएवढी फट आणि दात वाजतात. असं का?

तात्यांसाठीही एक रकाना केला आहे. फेरी झाली की विचारायचं, दहापैकी किती दुखलं. आज संध्याकाळी भाजी आणायला गेलो तेव्हा म्हणाले, "पाच."

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस! पानशेतच्या पुढे, पाण्याच्या कडेकडेने जाणारा कच्चा रस्ता. फक्त मी आणि तात्या. आई म्हणाली, "मला अजून जगायचंय."

नारळाएवढे दगड. मध्येच ओढ्याचं कोरडं पात्र. मी घाबरून ब्रेक मारत होते. तात्या म्हणाले, "लहान गिअर टाक आणि पाय काढ. तिचं तिला चालू दे." टाकला. काढला. आणि गाडी चालली! हलत, डुलत, होडीसारखी. एकही धक्का नाही. डांबरावर हाडं खिळखिळी करणारी हीच गाडी दगडांवर अशी सुखात!

थांबून चहा घेतला थर्मासमधला. विचारलं, असं कसं? तात्यांनी चाकाकडे बोट दाखवून समजावलं. "हिचे स्प्रिंग ओझ्यासाठी केलेत. आपण दोघं म्हणजे हिला काहीच नाही. त्यात हळू चाललं तर चाक दगडावर चढतं नि उतरतं, तिला वेळ मिळतो. जोरात गेलं की वेळ मिळत नाही, मग ते सगळं तुझ्या बुडाला येतं. आमची बस रिकामी असली की शेवटच्या सीटवरची पोरं टपाला लागायची. ऑफिस सुटताना भरली की तीच बस लोण्यासारखी."

किती दिवसांनी एवढं बोलले! रिटायर झाल्यापासून असे बोललेले आठवत नाहीत.

घरी आल्यावर मात्र उतरेनात. दोन मिनिटं तसेच बसून राहिले. "बेल्ट निघत नाही," म्हणाले. बेल्ट केव्हाच निघाला होता.

किती? — "पाच."

१७ नोव्हेंबर, सोमवार

एवढ्या गुळगुळीत प्रवासाला पाच? आणि बुधवारी भाजी आणतानाच्या खड्ड्यांनाही पाच? वहीत काहीतरी चुकतंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रामदास मिस्त्रींकडे गेले. नांदेड फाट्याजवळचं त्यांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पण चार अशाच गाड्या दारात उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे न बघता आधी टायरला हवेचं मीटर लावलं. बेचाळीस! "मॅडम, कंपनीतून ट्रकवर लादून येते तेव्हा भरून ठेवतात. शोरूमने उतरवायची असते. तुम्ही दगडावर बसून फिरताय." अठ्ठावीस करून दिली.

उड्डाणपुलावरून परत आले. धप्‌चं थप् झालं! इतकी साधी गोष्ट, आणि मी आठवडाभर रेकॉर्डिंग करत बसले.

म्हणाले, "घेताना सगळे विचारतात, डोंगर चढेल का. रोज ऑफिसला नेल्यावर कसं वाटेल, ते कोणी विचारत नाही." मीही नव्हतं विचारलं. मी सनरूफबद्दल विचारलं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

तात्यांचं बोलणं डोक्यात होतं. मागे वाळूच्या दोन गोण्या ठेवल्या, मध्ये आईला उशा लावून बसवलं. स्वारगेटपर्यंत जाऊन आलो. आई दांडी सोडून भुईमुगाच्या शेंगा खात होती! "आता बरी आहे हो. माणसासारखी चालतेय." आईकडून एवढं म्हणजे पदकच.

तात्या — "सहा."

वाढलं! हवा कमी केली, वजन ठेवलं, आईला बरं वाटतंय, आणि यांचं वाढलं? मी जरा वैतागले. "तात्या, नीट आठवून सांगा." तर म्हणाले, "मग चार लिही. तुला जे पाहिजे ते लिही."

सहाच लिहिलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सौरभचा फोन. "ताई, सत्तरीच्या माणसाला रोज त्या डब्यात बसवतेस. मणका सरकला तर? जरा सेन्सिबल हो ना." फोन ठेवल्यावर बराच वेळ राग येत राहिला. मग राग गेला आणि भीती राहिली.

३० नोव्हेंबर, रविवार

शेवटचा उपाय — शॉकअप बदलायचे. मऊ येतात म्हणे वेगळे. रामदास मिस्त्रींकडे गाडी सोडली. माल यायला आठ दिवस लागणार. आईने हात जोडले. "आठ दिवस त्यांच्या पाठीला सुट्टी."

६ डिसेंबर, शनिवार

तात्या दादरला गेले नाहीत. जुन्या वस्तीतली माणसं दरवर्षी बस करून जातात आणि पहिलं नाव तात्यांचं असतं. रांगेत आठ-आठ तास उभं राहून दर्शन घेऊन येणारे. यंदा रतनकाका न्यायला आले तर म्हणाले, "गर्दीत नको वाटतंय. जयभीम सांगा सगळ्यांना." काका जिना उतरून गेले तरी हे दारातच उभे.

घरीच वंदना घेतली. पांढरा शर्ट घातला होता. कॉलरमध्ये मान हरवल्यासारखी दिसत होती. हा शर्ट एवढा सैल होता का?

आणि आणखी एक. गाडी सहा दिवस गॅरेजमध्ये आहे. आज सकाळी तात्या ओट्याला धरून उभे होते, कपभर पाणी घ्यायला. विचारलं, किती? माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "सहा."

गाडी नसताना सहा.

७ डिसेंबर, रविवार

मुद्दाम सौरभला बोलावलं. त्याच्या सेडानमधून सगळे बागेत जाऊन आलो. खरं सांगायचं तर पाण्यावरून गेल्यासारखी गाडी. सौरभ आरशातून माझ्याकडे बघत होता. मी तात्यांकडे बघत होते. एसी चालू असून कपाळावर घाम.

"छान आहे गाडी," म्हणाले. आणि दोन्ही हातांनी दरवाजा धरून उतरले.

सौरभचं म्हणणं, "डॅमेज ऑलरेडी झालंय ना तुझ्या गाडीने. आता कशातही दुखणार."

९ डिसेंबर, मंगळवार

नवे शॉकअप बसवून गाडी आली. उत्तम चालते. मला हवी तशी. पण तात्यांना पुन्हा हिच्यात बसवायचा धीर होत नाही. विकायची ठरवली.

१० डिसेंबर, बुधवार

फोटो काढून जाहिरात टाकली. "महिनाभर वापरलेली, एकहाती." कारण विचारलंय तिथे लिहिलं — घरगुती.

आई म्हणाली, "एवढं करायचं काय होतं? आपण रिक्षाने जाऊ." तिला वाईट वाटलं. दाखवत नाही. तात्यांना अजून सांगितलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

गिऱ्हाईक आलं. पुष्कर नावाचा आयटीतला मुलगा. विचारतो, "डेली ऑफिससाठी चालेल ना? कम्फर्टचं काय?" मला कोणी सांगितलं नव्हतं ते मी त्याला सगळं सांगितलं — पुलावर हादरते, मागे चढायला स्टूल लागतं, टायरमध्ये हवा जास्त झाली की दात वाजतात, पण दगडांवर सोडलीस तर लहान मूल होशील. तो हसला. "मला पाहिजे," म्हणाला.

तेवढ्यात तात्या खाली आले. तीन मजले, लिफ्ट बंद असताना. भिंत धरून. आईने सांगितलं असणार.

"गाडी विकायची नाही."

पुष्कर म्हणाला, "काका, ताईंशी माझं बोलणं झालंय."

"ताईचा मी बाप आहे. आलात बरं झालं. चहा घ्या आणि जा."

तो बिचारा चहा न घेताच गेला.

वर आल्यावर मी बोललेच. "तुमच्यासाठी विकतेय ना मी!"

"माझ्यासाठी काही विकू नकोस."

"मग पाठीचं काय?"

"ती गाडीमुळे दुखत नाही."

"मग कशामुळे?"

पलंगावर बसले आणि बसताना तोंडातून जो आवाज निघाला तो मी आजवर ऐकला नव्हता. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

वही काढून पुन्हा सगळे आकडे बघितले. हवा, वजन, रस्ता, शॉकअप — मी सगळं बदललं, आणि तात्यांच्या रकान्याला कशाचंच काही नाही! तो नुसता हळूहळू वर चढतोय. गाडीच्या बाजूने बघत होते म्हणून दिसलं नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

डॉक्टर सुरुचींकडे नेलं, हाडांच्या. कधीपासून, असं विचारलं तर आईनेच सांगून टाकलं, "गाडी आली तेव्हापासून. दीड महिना." तात्यांनी मान हलवली. डॉक्टरांनी पाठीवर बोटाने ठोकलं. एका जागी ते दचकले. मग वजन, भूक, संध्याकाळी अंग गरम होतं का. भूक नाही. अंग गरम होतं! आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

गाडीबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. एमआरआय सांगितला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

एमआरआय झाला. आज सुईने मणक्यातला नमुना घेतला. सौरभ सुट्टी टाकून आला, माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "ताई, सॉरी." कशासाठी ते दोघांनाही माहीत होतं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

मणक्याचा टीबी. बरा होतो! वर्षभर गोळ्या, पाठीला पट्टा, सुरुवातीला झोपून राहायचं. डॉक्टर म्हणाल्या, "पाय लुळे पडायच्या आत आलात." मग चष्मा काढून तात्यांना म्हणाल्या, "काका, हे दीड महिन्याचं नाही. खरं सांगा."

तात्या जमिनीकडे बघत म्हणाले, "एप्रिलपासून."

एप्रिलमध्ये मी गाडी बघायलासुद्धा गेले नव्हते.

बाहेर बाकावर बसलो तेव्हा विचारलं, का नाही सांगितलंत? म्हणाले, "सौरभच्या इंजिनिअरिंगला एकदा गाडी घेता घेता थांबलीस. आईच्या गुडघ्यांना एकदा. सांगितलं असतं तर तिसऱ्यांदा बुकिंग रद्द केलं असतंस."

केलं असतं.