सुनेने केलेली नक्कल पाहून बदललेली वाटणी

मी, श्रीमती दानम्मा मन्मथप्पा बुरांडे, वय ७२, राहणार सिरसाळा, ता. परळी, जि. बीड. गुडघे सोडले तर धडधाकट आहे आणि डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दबावाने नव्हे, राजीखुशीने हे लिहून ठेवते.

१. सन २०१९ चे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात घर एकट्या मुलाला, संगमेश्वरला दिले होते आणि "सून रुद्राणी हिचा काडीचाही हक्क राहणार नाही" असे मुद्दाम लिहवून घेतले होते. ते का बदलले, हे सांगणे भाग आहे.

गेल्या श्रावणात आमच्या घरी रुद्राणीच्या बहिणीचे डोहाळजेवण होते. मी देवळातून लवकर परतले ती मागच्या दाराने. आत रुद्राणी पदर खोचून कुणा म्हातारीची नक्कल करत होती. पातेल्याचे झाकण उचलायचे, वास घ्यायचा, "मी काई बोलत न्हाई, पण..." म्हणायचे आणि बोलतच सुटायचे. मी हसून हसून बेजार झाले. म्हणाले, "अगं, हुबेहूब आमच्या जाऊबाई!"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नात ईश्वरी म्हणाली, "आजी, ती तू हायस."

दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेले, तर हात आपसूक झाकणावर. तशीच थबकले. चौदा वर्षे ही पोर माझ्या नाकाखाली रांधत होती, आणि मी समजत होते की मी घर सांभाळते.

तिला म्हणाले, "मला पुन्ना करून दाखव."

ती रडायला लागली. "आत्याबाई, चुकलं माजं."

"चुकलं न्हाई. समदं दाखव."

तिने दाखवले. शेवटी उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. "मी माहेराला निघाले की तुमी अशा उभ्या राहता. रिक्षा वळंस्तोर. मग डोळे पुसता. रिक्षाच्या आरशात दिसतं मला."

हे मला ठाऊकच नव्हते.

२. म्हणून राहते घर संगमेश्वर व रुद्राणी या दोघांना समान हिश्श्याने देत आहे. उद्या दोघांचे पटो वा न पटो, तिला त्यातून कोणी काढू नये.

३. बँकेतील ठेव ईश्वरीच्या शिक्षणासाठी. खरे बोलायची तिची खोड मोडू नये.

४. सासूबाईंचे तांब्याचे घंगाळ या वाटणीत नाही. त्याच्यापायी धाकट्या जाऊबाई केसरबाई यांच्याशी मी एकोणीस वर्षे अबोला धरला. ते मी स्वतः त्यांच्या घरी पोचवले. दारातच त्या म्हणाल्या, "आता काऊन आलात?" मी नकलेची हकिकत सांगितली. त्या लई हसल्या, मग चहा ठेवला. चहा फार गोड होता. मी काही बोलले नाही.

५. माझ्या देहाला आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे समाधी द्यावी. जेवणावळी घालू नयेत.

६. हे मृत्युपत्र माझ्या पश्चात लागू होईल. स्वयंपाकघर मात्र आजपासूनच रुद्राणीचे. मी बाहेर ओसरीवर लसूण सोलत बसेन. सवयीने उठले, तर तिने हाक मारून खाली बसवावे. मी रागावेन. तरी बसवावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे.

सही : दानम्मा मन्मथप्पा बुरांडे

साक्षीदार :
१. अर्जुनराव, शेजारी
२. केसरबाई बुरांडे, धाकटी जाऊ

सिरसाळा, दि. १४ डिसेंबर २०२५