हिरवी जाळी

१२ ऑगस्ट, मंगळवार

धाकट्या,

इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. बाइंडिंगचं काम तुंबलंय, कापायचं मशीन परत रुसलंय, आणि दारात कोणीही आलं की बाबा तुझंच पुराण लावतात.

तू नवा सरस आणलास, माझ्या हातांना फोड आले, आणि ताईचे हात आपल्यामुळे गेले असं मनात घेऊन तू निघूनच गेलास. आम्हालाही तसंच वाटलं रे. बाइंडर माणसं आपण, काही झालं की आधी सरसावर संशय. डबे फेकले, हातमोजे चढवले, साधी खळ शिजवली. तर फोड पाठीवर गेले, मग तोंडात. पाठीला कुठला सरस लागतो, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये?

कातडीच्या डॉक्टरीणबाईंच्या मात्र ते डोक्यात आलं. त्यांनी कातडीचा कण काढून तपासला आणि पडद्यावर दाखवला. काळोखात हिरव्या उजेडाची जाळी! म्हणाल्या, "पेशी एकमेकींना शिवलेल्या असतात. तुमचं शरीर ती शिवण स्वतःच उसवतंय. हिरवं दिसतंय, ते उसवणारं." जन्मभर पुस्तकं शिवली मी, पण माझ्या अंगात इतकी बारीक शिवण आहे याचा पत्ता नव्हता. बघतच राहिले. घाबरायचंही विसरले.

छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते म्हणे. आपलं कोण, परकं कोण, हे ती लहानपणी शरीराला शिकवते आणि पुढे आक्रसत जाते. केवढं मोठं काम, आणि आपल्याला तिचं नावही माहीत नाही. माझ्या त्या ग्रंथीत गाठ झालीय. शिकवणंच बिघडलं, म्हणून शरीर आपल्याच कातडीवर उठलं. तुझ्या बिचाऱ्या सरसाचा काही दोष नाही. मी तोच पुन्हा मागवलाय.

आता मघापासून टाळतेय ते. पुढच्या शुक्रवारी छाती उघडून गाठ काढणार आहेत. गाठ गेली तरी फोड जातीलच असं नाही. श्वासाचीही काळजी आहे. बाबांना मी "किरकोळ ऑपरेशन" एवढंच सांगितलंय. डॉक्टरीणबाईंना मात्र सरळ विचारलं, "मी उठेन ना?" त्या म्हणाल्या, "त्यासाठीच सगळं चाललंय." हो म्हणाल्या नाहीत.

माफी मागायला येऊ नकोस, तुझी चूकच नाही. पण नुसता ये. मला आत नेतील तेव्हा बाबांजवळ कोणीतरी हवं, आणि डोळे उघडले तर मला तू दिसायला हवास.

वरवर धीट, आतून फार घाबरलेली,
तुझी ताई