मंगळवारचं भजन

इंगोलश्टाट, रविवार, १२ नोव्हेंबर २००६

दुपारी टीव्हीवर जुना कृष्णधवल सिनेमा लागला होता. फ्रान्सची राज्यक्रांती. एक सरदार चारचौघांत रुमाल झटकत मूर्खासारखा हसतो, आणि तोच वेष बदलून लोकांना गिलोटीनखालून सोडवून नेतो. बायकोलाही पत्ता नाही.

सुधीर सोफ्यावर लोळत म्हणाला, "काहीही दाखवतात. एका घरात राहून कळणार नाही का?"

मी चहा टाकायला उठले.

दीड वर्ष झालं, मंगळवारी आमच्याकडे बायकांचं भजन असतं. निदान नवऱ्यांना तसं माहीत आहे, सुधीरलाही. प्रसादाचा शिरा असतो, आणि टाळांच्या पिशवीत पाच जणींच्या जर्मनच्या वह्या. "तुला कशाला हवं जर्मन? मी आहे ना," हे पाचही जणींनी घरी ऐकलंय. मीही. खालच्या जर्मन आजींकडे बसून बसून मी शिकले, आता या पाच जणींना शिकवते, तरी सुधीरसमोर बेकरीत अजून बोट दाखवूनच पाव घेते. माझा रुमाल तो.

काल आमच्या पाच जणींतली वर्षा जर्मनची परीक्षा पास झाली. आज तिच्या नवऱ्याचा सुधीरला फोन, तुमच्या भजनात शिकवतात तरी काय? सुधीर खो खो हसला. "अरे, हिला साधा पाव मागता येत नाही."

राग आला का? आला. पण सिनेमातला तो सरदार याच हसण्यावर तर जगला.

परवापासून सात जणी. जुनी पिशवी पुरणार नाही, म्हणून संध्याकाळी मोठी शिवली, सुधीरच्या शेजारी बसून. सुईत दोरा त्यानेच ओवून दिला.